रात्रीची भाकरी सोडायची का? संध्याकाळी व्यायाम करून पोट कमी करणाऱ्यांसाठी सरळ हिशेब

नांदेड/लातूर : जिम ही आता फक्त शहरातली गोष्ट राहिली नाही. तालुक्याच्या ठिकाणी तर आहेतच, पण मोठ्या गावांतही एखाद्या गाळ्यात चार डंबेल, एक बेंच आणि भिंतीला आरसा लावून जिम सुरू झाल्यात. दिवसभर शेत, दुकान नाहीतर क्लास, आणि संध्याकाळी सहा-सातला पोरं तिथं जमतात. त्यांच्यासोबत आता चाळिशीतले गडीही दिसायलेत. डॉक्टरनी "पोट कमी करा" म्हणून सांगितलेले.

या सगळ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "रात्री भाकरी खायची का सोडायची?"

मोबाईलवर एक जण सांगतो, संध्याकाळी सहानंतर भाकरी-भाताला हात लावू नका, सगळं चरबीत जातं. दुसरा सांगतो, व्यायामानंतरच भात खा, नाहीतर मेहनत वाया. मग एकाच गावात दोन प्रकार बघायला मिळतात. कोणी व्यायाम करून काकडी-टोमॅटोवर झोपतो आणि रात्री दोनला उठून डबे हुडकतो. कोणी "व्यायाम केलाय" म्हणून पाच भाकऱ्या आणि वर भात हाणतो. महिन्यानं दोघंही म्हणतात, काही फरक नाही. आणि ज्याला शुगरची गोळी चालू आहे त्यानं न विचारता रात्रीची भाकरी सोडली, तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जाऊ शकतं.

म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी थोडक्यात :

– चरबी कमी होते ती दिवसभराच्या एकूण खाण्यातून. फक्त वेळ बदलून चरबी जात नाही.
– संध्याकाळी वजन उचलण्याचा व्यायाम करत असाल तर रात्रीची भाकरी सोडायची गरज नाही. उलट दिवसातली भाकरी खाण्याची ती चांगली वेळ आहे, फक्त मोजून.
– शुगरची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काहीही बदलायचं नाही.

कार्ब म्हणजे काय?

जिममध्ये सारखा "कार्ब, कार्ब" शब्द ऐकू येतो. कार्ब म्हणजे कर्बोदकं, म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थ. आपली जवारीची भाकरी, पोळी, भात, पोहे, सुशीला, साबुदाणा, बटाटा, केळी, गूळ, साखर, सगळ्यात मुख्य भाग कार्बचाच. पोटात गेल्यावर त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते.

आपल्या जेवणात याचं प्रमाण मोठं आहे. आयसीएमआरच्या देशभर झालेल्या 'इंडियाब' अभ्यासाचा आहारावरचा भाग २०२५ ला प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणसाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते. म्हणजे कार्ब कमी करा म्हणणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. प्रश्न एवढाच की कोणतं कमी करायचं, किती आणि कधी.

शरीरातली कणगी आणि पेव

शेतकऱ्याला हे समजायला सोपं आहे. आपल्याकडं धान्य ठेवायच्या जागा ठरलेल्या असायच्या. रोजच्या दळणासाठी डबा, घरात कणगी आणि जमिनीत पेव.

शरीराचंही तसंच. लिव्हर म्हणजे डबा. त्यात साधारण १०० ग्रॅम साखरेचा साठा राहतो. दोन जेवणांच्या मधे आणि झोपेत रक्तातली साखर टिकवायचं काम तो करतो. कणगी म्हणजे मांसपेशी, मसल. धडधाकट माणसाच्या मसलमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साठा मावतो. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. आणि पेव म्हणजे चरबी. डबा-कणगीला मर्यादा आहे, पेवाला जवळपास नाही. रोज गरजेपेक्षा जास्त येत राहिलं की जास्तीचं शेवटी पेवात जातं. भाकरी असो, तेल असो की तूप.

आता वजन उचलताना काय होतं? बैठका, डंबेल, बेंच असला जोराचा व्यायाम मुख्यतः कणगीतल्या साठ्यावर चालतो. एका चांगल्या व्यायामात त्या त्या मसलचा पाव ते तिसरा हिस्सा साठा खर्च होऊ शकतो. व्यायामानंतर मसल रक्तातली साखर जोरात ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनही कमी लागतं. हा परिणाम व्यायाम संपल्यावर लगेच जात नाही. बऱ्याचदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.

म्हणून व्यायामानंतर खाल्लेल्या भाकरीचा बराचसा भाग आधी रिकामी झालेली कणगी भरायला जातो. तीच भाकरी दिवसभर गादीवर बसून खाल्ली तर कणगी आधीच भरलेली असते. व्यायाम आणि भाकरीची सांगड घालायची म्हणतात ती याच्यासाठी.

पण कणगी भरल्यावरही ओतत राहिलात तर व्यायाम केला म्हणून पेव बंद होत नाही. पाच भाकऱ्यावाल्याचं गणित इथंच चुकतं.

आठवड्यात दोन किलो उतरले, ते काय होतं?

भाकरी-भात सोडलेला माणूस आठ दिवसांत दोन किलो उतरल्याचं सांगतो. काटा खोटं बोलत नाही, पण उतरलेलं सगळं चरबी नसतं.

मसलमध्ये एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. आता हिशेब करा. कार्ब एकदम बंद केले आणि साठ्यातले ४०० ग्रॅम कमी झाले, तर त्याच्यासोबत सव्वा किलोच्या आसपास पाणीही गेलं. म्हणजे दीड-पावणेदोन किलो वजन चरबीला हात न लावता उतरलं. मग लग्नाच्या पंगतीत एकदा पोटभर जेवलं की दोन दिवसांत ते परत येतं. माणूस म्हणतो, "मला भाकरी लागतच नाही, लगेच वजन वाढतं." वाढलेलं ते पाणी असतं.

चरबी हळू जाते. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास चरबी कमी होते. यापेक्षा फार जोरात वजन उतरायला लागलं तर मसलही जायलेत असं समजा. मसल गेले की ताकद गेली आणि कणगीही लहान झाली.

सकाळी का रात्री? अभ्यास काय म्हणतात

दिवसा कार्ब टाळा आणि वजन उचलून झाल्यावर रात्री भरपूर खा, या पद्धतीला 'कार्ब बॅकलोडिंग' म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन कीफर यांनी ती गाजवली. आज मोबाईलवर फिरणारे बरेचसे सल्ले तिथूनच आलेत.

याला थोडा आधार सापडतो तो इस्राएलमधल्या पोलिसांवरच्या अभ्यासात. हा अभ्यास २०११ ला प्रसिद्ध झाला. ७८ लठ्ठ पोलिसांना सहा महिने कमी कॅलरीचा आहार दिला. एका गटानं कार्ब दिवसभर वाटून खाल्ले, दुसऱ्यानं मुख्यतः रात्रीच्या जेवणात. वजन दोन्ही गटांचं उतरलं. रात्री खाणाऱ्यांचं थोडं जास्त उतरलं आणि त्यांना दिवसभर भूकही कमी लागली. पण हा अभ्यास जेवणाच्या वेळेचा होता, डंबेलचा नाही.

तेवढ्यावर उडी मारू नका. २०१३ ला इस्राएलमध्येच जास्त वजनाच्या बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना दिवसाला १,४०० कॅलरी, पण एकीकडं सकाळी भरपेट आणि रात्री हलकं, दुसरीकडं उलटं. १२ आठवड्यांनी सकाळी भरपेट खाणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं. म्हणजे निकाल बरोबर उलटा.

मग २०२२ ला स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाचा अभ्यास आला. त्यात ३० जणांना सगळं जेवण मोजून संशोधकांनीच दिलं. चार आठवडे सकाळी जास्त, चार आठवडे रात्री जास्त. वजन दोन्ही वेळी सारखंच उतरलं. सकाळी जास्त खाल्लं तेव्हा भूक कमी लागली, एवढाच फरक.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. सगळ्यांचं वजन उतरलं, कारण सगळ्यांचं एकूण खाणं कमी केलेलं होतं. वेळेचा फरक त्याच्यापुढं लहान. ज्या वेळेला जेवल्यावर तुम्हाला भूक आवरते, झोप लागते आणि व्यायाम टिकतो, ती वेळ तुमची.

लातूरहून गेलेली दोन जेवणांची पद्धत

जेवणाच्या वेळेचा विषय आपल्या भागाला नवा नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना त्यांचं वजन आणि मधुमेहावरचं व्याख्यान घराघरांत पोचलं. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली ही पद्धत : दिवसात दोनदाच जेवा, कडाडून भूक लागेल तेव्हा जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. यावर आहारतज्ज्ञांत बराच वादही झाला.

ज्यांना ती पद्धत जमली त्यांचा एक मोठा फायदा उघड आहे. दिवसभराचे गोड चहा, बिस्किटं, भजे, फरसाण बंद झाले. एकूण खाणं आपोआप कमी झालं. दोन वेळा जेवणारा माणूस संध्याकाळी वजन उचलत असेल, तर दुसरं जेवण व्यायामानंतर ठेवता येतं. पण दोन जेवणांत पुरेसं प्रोटीन बसवणं अवघड जातं, तिकडं लक्ष ठेवावं लागतं.

मग चोर कुठाय?

मध्यम जवारीच्या भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागतं. त्यातून २०० कॅलरी, ४० ग्रॅम कार्ब आणि ६ ग्रॅम प्रोटीन मिळतं. आता बाकीचं मोजू.

– भाजीवर आलेला मोठा चमचाभर तर्रीचा थर : साधारण १२५ कॅलरी.
– मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे किंवा तेवढ्याच दाण्यांची चटणी : १६० च्या आसपास.
– दोन चमचे साखरेचा एक कप चहा : ७० च्या आसपास. दिवसात असे पाच झाले की ३५० कॅलरी आणि ५० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम.

म्हणजे रात्रीच्या दीड भाकरीपेक्षा दिवसभराचा चहा जड आहे. पण सोडताना आपण भाकरी सोडतो, कारण चहाला कोणी जेवण म्हणत नाही. पारावर, आडतीवर, तहसीलच्या बाहेर, पाहुण्यांकडं, चहा मोजलाच जात नाही.

शेंगदाणे वाईट नाहीत, त्यात प्रोटीनही आहे. पण ताटात ढीग आणि वरून तेल असं चालणार नाही. आणि उपवासाचं काय? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पीठ, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. पोट कमी करायचंय म्हणून उपवास धरला आणि दोन प्लेट खिचडी खाल्ली, तर त्यापेक्षा भाकरी परवडली.

दुसरी गोष्ट खुराकाची. आपल्या भागाला पैलवानकीचा वारसा आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले. दूध, तूप, बदामाची थंडाई, हा पैलवानी खुराक ऐकून आपल्यालाही वाटतं आपणही घ्यावा. पण पैलवान पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा तासन्‌तास जोर-बैठका आणि लढती करतो. आपण आठवड्यात तीन दिवस पाऊण तास डंबेल उचलणार. खुराक कामाच्या मापानंच पाहिजे.

संध्याकाळचं वेळापत्रक

घरात वेगळा स्वयंपाक न करता जमेल असं :

दुपारचं जेवण : एक-दीड भाकरी, वाटीभर वरण किंवा उसळ, भाजी, काकडी-कांदा, ताक.

व्यायामाच्या तासभर आधी : भूक असेल तर एक केळं आणि थोडे फुटाणे. आपल्या अर्धापूरची केळी असताना महागडं पेय कशाला? दुपारी उशिरा जेवला असाल तर हेही नको.

व्यायाम : ४० ते ५० मिनिटं, आठवड्यात तीन दिवस.

रात्रीचं जेवण : व्यायामानंतर तास-दीड तासात. दोन भाकऱ्या किंवा एक भाकरी आणि वाटीभर भात, सोबत घट्ट वरण, उसळ, अंडी किंवा सोयावडीची भाजी, आणि पालेभाजी. आधी भाजी-वरण संपवायला सुरुवात करा, भाकरी त्याच्यासोबत. नुसती भाकरी-चटणी नको.

ज्या दिवशी व्यायाम नाही त्या दिवशी : रात्री एक भाकरी कमी. बाकी ताट तेच.

जेवण आणि झोप यात दीड-दोन तास ठेवा, म्हणजे जळजळ होणार नाही.

"अर्ध्या तासात खाल्लं नाही तर व्यायाम वाया" हे ऐकून काही जण जिमच्या दारातच डबा उघडतात. तेवढी घाई लागत नाही. पुढचा व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असेल तर २४ तासांच्या नेहमीच्या जेवणात कणगी परत भरते. निवांत घरी या, हातपाय धुवा, लेकरांसोबत जेवा.

प्रोटीन आपल्या शेतातच आहे

कमी खाऊन चरबी घालवायची आणि मसल राखायचे, तर वजन उचलण्यासोबत प्रोटीन लागतं. साध्या माणसाला आयसीएमआर वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगते. वजन उचलणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो. म्हणजे ७५ किलोच्या माणसाला ९० ते १२० ग्रॅम.

हे कुठून येईल? चार भाकऱ्यांतून २४ ग्रॅम. दिवसभरात ६० ग्रॅम तूरडाळीतून १३. कोरड्या ५० ग्रॅम सोयावडीतून २५. पाव लिटर दुधातून ८. दोन अंड्यांतून १२. ३० ग्रॅम फुटाण्यांतून ६. वाटीभर दह्यातून ५-६. बेरीज नव्वदच्या वर जाते. डबा न आणता.

लातूरचं मार्केट सोयाबीन आणि तुरीवर चालतं. आपण पोत्यानं सोयाबीन विकतो आणि ताटात मात्र वडी दिसत नाही. सोयावडी स्वस्त आहे. कोमट पाण्यात भिजवून, पिळून, भाजीत टाकली की झालं. कच्चं सोयाबीन मात्र तसंच खाऊ नका, ते नीट शिजवावंच लागतं. आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पावडर टाळा असं सांगितलंय. 'फॅट कटर' नावाच्या गोळ्यांपासून तर लांबच राहा.

ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरला विचारायचं.

जिम नसेल तर

"शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण आता नांगरट ट्रॅक्टरनं, मळणी मशीननं आणि शेतात जाणं मोटारसायकलवर. राबणं आहे, पण हंगामाचं. आणि तेच तेच अंग वापरलं जातं.

घरी करायचं तर बैठका, जोर, भिंतीला हात लावून जोर, पाण्याचा २० लिटरचा जार छातीशी धरून बैठका, वाळूची छोटी पिशवी खांद्यावर उचलणं, एवढं पुरेसं आहे. सुरुवात पाच-दहा किलोपासून करा. युरियाची गोणी ४५ किलोची असते, ती पहिल्या दिवशी वाकून उचलायला जाऊ नका. कंबर धरली तर हंगाम जाईल. दर आठवड्याला थोडं वजन किंवा दोन फेऱ्या वाढवा.

रात्रीच्या लाईटचं काय?

शहरातल्या सल्ल्यात हा मुद्दा कधीच नसतो. आपल्याकडं थ्री फेज लाईट एखाद्या आठवड्यात रात्रीची असते. बारा वाजता मोटर चालू करायला जायचं, दोनला बारं मोडायचं, पहाटे घरी. अशा रात्री भूक लागते, थर्मासमधला गोड चहा होतो, सोबत बिस्किटाचा पुडा.

झोपेचा संबंध थेट चरबीशी आहे. शिकागो विद्यापीठाचा अभ्यास २०१० ला आला होता. तीच माणसं, तेवढंच कमी जेवण. एकदा साडेआठ तास झोपायची सोय, एकदा साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी सारखंच उतरलं, पण झोप कमी तेव्हा चरबी निम्म्याहूनही कमी गेली आणि मसल जास्त गेले.

म्हणून रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात जड व्यायाम ठेवू नका, हलके जोर-बैठका करा. रात्रीच्या जेवणातली भाकरी कमी करू नका. सोबत फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा न्या. दुपारी तासभर झोप काढा. दिवसाची लाईट आली की परत नेहमीचं चालू.

शुगर असणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा

देशात २०२३ च्या इंडियाब अहवालानुसार १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. गावाकडंही आता प्रत्येक वाड्यात एखादा रुग्ण सापडतो. वजन उचलणं आणि पोट कमी करणं दोन्ही त्यांच्या फायद्याचं आहे. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे.

वर सांगितलं की व्यायामानंतर मसल रक्तातली साखर ओढत राहतो. इन्सुलिन घेणाऱ्याच्या किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या घेणाऱ्याच्या शरीरात औषधही साखर खाली आणत असतं. त्यात रात्रीची भाकरी एकदम सोडली, तर झोपेत साखर फार खाली जाऊ शकते. घाम सुटणं, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, डोकं दुखणं, बरळणं ही लक्षणं. झोपेत घरच्यांच्या लक्षातही येत नाही. नुसती मेटफॉर्मिन चालू असेल तर हा धोका बराच कमी असतो, पण आपली गोळी कोणती हे चिठ्ठीवर बघून खात्री करा.

असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. १५ मिनिटांनी साखर तपासा, कमीच असेल तर परत द्या, मग काहीतरी खायला द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

जेवण कमी करण्याआधी डॉक्टरला दोन गोष्टी सांगा. "मी संध्याकाळी वजन उचलतोय" आणि "रात्रीची भाकरी कमी करणार आहे". गोळीचा डोस त्यांना बदलावा लागू शकतो. तो आपल्या मनानं बदलायचा नाही.

भरतीच्या पोरापोरींसाठी

पोलीस भरतीच्या मैदानात मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. हे सगळं जोराचं काम कणगीतल्या साठ्यावर चालतं. मैदान तोंडावर आलं असताना "वजन हलकं करतो" म्हणून भाकरी-भात सोडला तर शेवटच्या फेरीत पाय उचलत नाहीत, चक्कर येते. चरबी कमी करायची असेल तर ती मैदानाच्या तीन-चार महिने आधी, हळूहळू. शेवटचे दोन आठवडे पोटभर आणि वेळेवर जेवा.

मुलींनी तर जेवण तोडूच नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा, मग पळायचा आणि जेवणाचा हिशेब करा. १८ वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी भाकरी कमी करण्याच्या भानगडीत पडू नये.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं?

रोज काट्यावर उभं राहू नका, पाणी खालीवर होत राहतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करा. त्याच दिवशी शिंप्याच्या टेपनं बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. तिसरं, किती किलो किती वेळा उचललं ते लिहा.

चार आठवडे असं लिहिलं की वही स्वतःच सांगते. कंबर उतरली आणि उचलायचं वजन टिकलं किंवा वाढलं, तर बरोबर चाललंय, काही बदलू नका. वजन उतरलं पण ताकदही गेली, तर जेवण फार तोडलंय, रात्रीची भाकरी परत घ्या आणि वडी-वरण वाढवा. काहीच हललं नाही, तर आधी चहाची साखर आणि तर्रीचं तेल कमी करा. भाकरीचा नंबर सगळ्यात शेवटी.